समुद्राचा अंदाज घ्यायला शिकायचंय? नवीन पोरापोरींसाठी थोडं सविस्तर

दिवाळीचा सीझन जवळ आला की मालवणात नवीन मुलं कामाला येतात, कोणी डाइव्हमास्टर व्हायला, कोणी बोटीवर हेल्पर म्हणून, एखादी बीएस्सी झालेली मुलगी सागरविज्ञानात एमएस्सी करू का असं विचारायला, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, दादा तुम्ही कुठलं अ‍ॅप बघता? मी विंडी बघतो, हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सागरी माहिती संस्थेचा, समुद्रस्थितीचा अंदाज बघतो, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघतो. सगळं फुकट आहे, तुम्ही पण बघा. पण अ‍ॅप कुठलं यापेक्षा त्यातला कुठला आकडा आधी बघता ते जास्त महत्त्वाचं, आणि बहुतेक जण नुसती लाटेची उंची बघून मोकळे होतात.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे कुठल्या भरवशावर बोलतोय ते कळेल. फिजिक्समध्ये बीएस्सी, मग काही सीझन डाइव्हच्या बोटीवर सिलेंडर उचलण्यापासून सगळं केलं, नंतर सागरविज्ञानात एमएस्सी, आणि आता सकाळी बोटी सुटायच्या आधी आज कुठे जायचं, कुठे नाही, किती वाजेपर्यंत परत फिरायचं हे सांगणं हेच माझं मुख्य काम. पुस्तकातलं कॉलेजात कळलं, पण ते कशासाठी आहे हे बोट चालवणाऱ्या आमच्या तांडेलांकडून कळलं, ज्यांनी मला सुरुवातीलाच ऐकवलं होतं, "मोबायलात काय बघतस, खडपार पाणी कसा मारता ता बघ मगे."

तर उंची. अंदाजात १.२ मीटर लिहिलंय म्हणजे प्रत्येक लाट १.२ मीटरची येणार असं नसतं. सगळ्या लाटा उंचीप्रमाणे लावल्या तर वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, त्यामुळे अधूनमधून जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी येणार हे धरूनच बोटीत माणसं बसवायची. इथपर्यंत ठीक, पण १.२ मीटरचे दोन दिवस एकमेकांपेक्षा पूर्ण वेगळे असू शकतात आणि तो फरक वेव्ह पीरियडमध्ये असतो, म्हणजे एक लाट गेली की दुसरी यायला किती सेकंद लागतात.

सहा सेकंदाची लाट ही जवळच्याच वाऱ्याने उठवलेली असते. बोट खडखडते, कपडे भिजतात, पर्यटक ओकतात, पण पाण्याखाली आठ-दहा मीटरवर गेलात की बऱ्यापैकी शांत. चौदा सेकंदाची लाट वरून दिसतसुद्धा नाही नीट, समुद्र गुळगुळीत वाटतो, आणि खाली तळाशी वाळू इकडून तिकडे ओढली जाते, दोरी धरल्याशिवाय एका जागी राहता येत नाही, आणि खडकावर आली की अचानक उभी राहून फुटते. याचं गणित सोपं आहे, पाठच करून टाका. सेकंदांचा वर्ग करायचा आणि १.५६ ने गुणायचं, आली खोल पाण्यातली लाटेची लांबी मीटरमध्ये. सहा सेकंदाला ५६ मीटर, चौदा सेकंदाला ३०० मीटरच्या वर. लाटेचा जोर साधारण तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीपर्यंत पोचतो, म्हणजे पहिली २८ मीटरनंतर संपली आणि दुसरीला दीडशे मीटर खोल पाण्यातसुद्धा तळ लागतो. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तर डाइव्ह दहा मीटरच्या आतबाहेर, त्यामुळे चौदा सेकंदाचा स्वेल, म्हणजे दुरून चालत आलेली लाट, आला की व्हिजिबिलिटीची वाट लागलीच, मग वर ऊन कितीही छान पडलेलं असू दे.

हा लांब पीरियडचा स्वेल येतो कुठून तर बराचसा खाली दक्षिण महासागरातून. तिकडे वादळं झाली की लाटा निघतात आणि इकडे पोचायला आठवडा लागतो. सोळा सेकंदाचा स्वेल खोल पाण्यात ताशी ४५ किलोमीटरने पुढे सरकतो, दिवसाला हजारेक किलोमीटर, हिशोब करून बघा. म्हणून एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे वारा नाही, ढग नाही, आणि तरी किनाऱ्यावर दणादण लाटा असं होतं. मे २०२४ मध्ये ४ आणि ५ तारखेला इन्कॉइसने असाच इशारा दिला होता, मुंबईपर्यंत सगळ्यांना सावध केलं होतं, आणि लोक म्हणत होते वादळ कुठाय. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, तिकडे याचा त्रास फार. दुसरा पाहुणा हिवाळ्यात वायव्येकडून येतो, अरबस्तानच्या बाजूला शमाल वारे सुटले की त्यांनी उठवलेल्या लाटा एक-दोन दिवसांनी कोकणात पोचतात. म्हणजे जानेवारीत इकडे वारा पडलेला असला तरी वायव्येचा स्वेल दाखवतोय का ते बघायचंच, कारण उंची आणि पीरियडनंतर दिशा हा तिसरा आकडा आणि बेटांच्या आसपास काम करणाऱ्याला तो सोडून चालतच नाही.

बेटाचा आडोसा हा प्रकार नीट समजून घ्या. नवीन माणूस नकाशा बघतो आणि म्हणतो स्वेल नैऋत्येचा आहे ना, मग बेटाच्या ईशान्येला नांगर टाकू, तिकडे शांत असेल. मोठ्या बेटाला आणि छोट्या पीरियडला हे बरोबर आहे. पण बेट छोटं आणि पीरियड लांब असला की लाट दोन्ही बाजूंनी वळून मागे येते आणि मागच्या बाजूला दोन लाटा एकमेकींना आडव्या भेटतात. निवतीसमोरचे वेंगुर्ला रॉक्स, जिथे दीपगृह आहे, तिथे हे मस्त दिसतं. बोट पुढेमागे नाही, चारी बाजूंनी हलते, आणि शिडीवरून डायव्हर वर घेताना हाताची बोटं चेमटायची भीती. (तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, ती बघण्यात डोकं वर आणि लक्ष पाण्यावर नाही असं होतं. नको.) सिंधुदुर्ग किल्ल्याचं वेगळं, कुरटे बेट किनाऱ्याला इतकं जवळ आणि भोवती इतके बुडालेले खडक की बराच स्वेल बाहेरच फुटून जातो. १६६४ मध्ये जागा निवडणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असणार, शत्रूच्या गलबताला आत शिरायचं तर खडक माहीत हवेत. आणि विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत समुद्रात असलेली आंग्रिया बँक म्हणजे तिसराच प्रकार, प्रवाळाचं मोठं पठार पण सगळं पाण्याखाली, उथळ भागसुद्धा वीसेक मीटरवर, त्यामुळे आडोसा शून्य. लक्षद्वीपला कामाला जाणार असाल तर तिकडे परत वेगळं, प्रवाळाच्या कड्यावर लाट फुटते आणि आतलं लगून, म्हणजे कड्याच्या आतलं उथळ पाणी, शांत राहतं, पण आत आलेलं पाणी बाहेर पडायला जिथे फट असते तिथे ओढ जबरदस्त.

यातलं एकही बेट अ‍ॅपमागच्या जगभराच्या कॉम्प्युटर मॉडेलला धड दिसत नाही हे लक्षात असू दे. त्यांच्या जाळीचा एक चौकोनच दहा-पंधरा-वीस किलोमीटरचा, त्यात किल्ला, खडपं, देवबागचं टोक सगळं एकाच ठिपक्यात. अ‍ॅप तुम्हाला बाहेरच्या उघड्या समुद्राचं सांगतं, आतलं तुम्ही काढायचं.

आता भरती-ओहोटी. मालवणला उधाणाला साधारण दोन-सव्वादोन मीटरचा फरक, मुंबईला साडेचार-पाच, लक्षद्वीपला आपल्यापेक्षाही कमी. तिथीला पाऊणपट करायचा जुना हिशोब येत असेल तर उत्तम, पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, पौर्णिमा-अमावास्येनंतर परत एकपासून मोजायचं. पण हा हिशोब मुंबईला जास्त जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा टाइड टेबल वापरा आणि तिथीचा हिशोब नेटवर्क गेल्यावर. रोज पाऊण-एक तास वेळ पुढे सरकते हे तर शाळेतलं.

मला सांगायचंय ते खाडीच्या तोंडाबद्दल. देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असतं आणि समोरून स्वेल आत येत असतो, दोघांची टक्कर झाली की लाट आखूड आणि उभी होते, आणि खाली वाळूचा बांध असल्याने फुटते. बाहेर एक मीटर दाखवतंय आणि तोंडावर दीड-दोनची भिंत, असं उधाणाच्या ओहोटीला सहज होतं. पावसाळ्यानंतर वाळू जागा बदलते त्यामुळे गेल्या वर्षीचा रस्ता यंदा नसतो. तिथून बोट काढायची वेळ ही भरतीच्या शेवटच्या तासात किंवा पाणी थांबलेलं असताना, बाकी कोणी कितीही घाई करो. पर्यटक ओरडतात, ओरडू दे.

दिवसाचं वेळापत्रक वाऱ्यावर. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, पाणी सपाट, मग अकरा-बारानंतर खारा वारा सुटतो आणि तीन-चारपर्यंत वाढतच जातो. म्हणून डाइव्ह सगळ्या सकाळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ, मार्चपासून दुपारचा वायव्येचा वारा तापदायक, मे मध्ये स्वेल आणि वादळाची धाकधूक, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. आपले बोटिंग आणि वॉटर स्पोर्ट्स तर मे संपायच्या आतच बंद होतात. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र शांत झाला असं समजू नका, नारळ तिथीने पडतो.

वादळाबद्दल एकच, अरबी समुद्रात दोन मोसम आहेत, मे-जून आणि ऑक्टोबर-डिसेंबर, आणि दुसरा नेमका आपल्या ऐन सीझनमध्ये. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा बऱ्याच बोटी बाहेर होत्या आणि कोकणातली घरंच्या घरं अजून ती तारीख विसरलेली नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार किनाऱ्यावर आलं पण नाही, तरी पाणी चढलंच. मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीसमोरून वर गेलं आणि जमिनीला लागलं गुजरातमध्ये, पण झोडपलं आपल्यालाही. म्हणजे वादळ कुठे धडकणार हे विचारून उपयोग नाही, ते आपल्यापासून किती अंतरावरून जाणार आणि लाटा त्याच्या किती आधी पोचणार ते विचारा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की चर्चा बंद.

शिक्षणाचं विचारता म्हणून. नुसतं बोटीवर काम करायचं तर तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबाचं ट्रेनिंग सेंटर आहे, बोट चालवायची तर मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो. अंदाज बनवण्याच्या बाजूला जायचं तर बीएस्सीला फिजिक्स आणि मॅथ्स सोडू नका, पुढे गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट विद्यापीठ असे पर्याय आहेत, आणि गोव्यात डोना पावलाच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, प्रोजेक्ट करायला मिळाला तर डोळे झाकून जा. रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय चांगलं आहे पण ती वाट माशांची, लाटांची नाही, गल्लत करू नका. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटची भरती एसएससीतून (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) होते, रोज निघत नाही. बाकी ठिकाणी सुरुवातीला कॉन्ट्रॅक्टवरच काम मिळतं आणि दोन-तीन वर्षं घरच्यांना समजावत बसावं लागतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. ज्याला समुद्रही कळतो आणि डेटाही हाताळता येतो अशी माणसं कमी आहेत, आणि कोकणातली तर फारच कमी, म्हणून सांगतोय.

आणि वही ठेवा, डिग्री असो नसो. सकाळी अंदाज काय होता ते लिहायचं, मग स्वतः मोजायचं. एखादा ठरलेला खडक धरा, त्यावरून दहा लाटा जायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर मोजा, दहाने भागा, झाला पीरियड. वारा किती, कुठून, भरती की ओहोटी. व्हिजिबिलिटीसाठी स्टीलचं पांढरं रंगवलेलं ताट, खाली वजन, दोरीला मीटरमीटरवर गाठी, ताट दिसेनासं झालं की गाठी मोजायच्या. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की हे सगळं एक्सेलमध्ये टाकून अंदाजाशेजारी लावून बघा, कुठल्या दिशेच्या स्वेलला आपली जागा अंदाजापेक्षा वाईट निघते ते तिथेच दिसेल. जून-जुलैमध्ये मोजणं चालू ठेवायचं असेल तर मालवणच्या रॉक गार्डनच्या वरच्या बाजूने मोजा, खाली खडकावर उतरू नका, आणि सोबत छत्री नाही, रेनकोट.