रोटेट: पुढे कोण यायला हवं?

सी प्लस प्लस शिकताना सॉर्ट आणि रिव्हर्स लवकर हाताशी येतात. ‘अल्गोरिदम’ हेडरमधलं, घटकांचा क्रम गोल फिरवणारं रोटेट मात्र नवखे टाळतात आणि तेच काम दोन लूप आणि एक तात्पुरता व्हेक्टर (घटकांची सलग रांग) घेऊन करत बसतात. बहुतेकांची गाडी मधल्या आर्ग्युमेंटवर अडते.

फंक्शनला तीन इटरेटर, म्हणजे रांगेतली जागा दाखवणाऱ्या खुणा, द्यायचे: पहिला, मधला, शेवटचा. शेवटचा म्हणजे शेवटच्या घटकाच्या पुढची जागा, हे नेहमीचंच. मधला म्हणजे ‘किती घरं सरकवायची’ हा आकडा नव्हे. फिरवून झाल्यावर जो घटक सर्वांत पुढे यायला हवा, त्याची जागा द्यायची. समजा व्हेक्टरमध्ये १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७० आहेत. मधला म्हणून ‘बिगिन अधिक २’ (सुरुवातीपासून दोन जागा पुढे) दिलंत की ३०, ४०, ५०, ६०, ७०, १०, २० मिळतं. सी प्लस प्लस ११पासून फंक्शन एक इटरेटरही परत देतं: जो आधी पहिला होता (इथे १०) तो आता जिथे आहे, ती जागा.

पण रोटेट पूर्ण व्हेक्टरवर चालवावं लागत नाही, आणि त्याची खरी किंमत तिथेच कळते. मूळ व्हेक्टरमधला ६० उचलून २० च्या आधी ठेवायचा आहे. इरेज करून (काढून) इन्सर्ट केलंत (पुन्हा घातलंत) तर घटक दोनदा सरकतात, शिवाय घटक मागच्या जागी न्यायचा असेल तेव्हा इरेजनंतर इंडेक्स बदलल्यामुळे एकाने चूक होऊ शकते. त्याऐवजी रोटेटला बिगिन अधिक १, अधिक ५, अधिक ६ द्या. निकाल: १०, ६०, २०, ३०, ४०, ५०, ७०. उलट, २० ला ६० च्या मागे न्यायचं तर अधिक १, अधिक २, अधिक ६. निकाल: १०, ३०, ४०, ५०, ६०, २०, ७०. ही दोन उदाहरणं कागदावर चौकोन काढून एकदा करून पाहा. वाचून डोक्यात बसत नाहीत.

इंटरव्ह्यूत हमखास येणारा प्रश्न: के घरं उजवीकडे फिरवा. मधला ‘एंड वजा के’. पण के व्हेक्टरच्या लांबीपेक्षा मोठा असेल तर इटरेटर बाहेर जातो आणि पुढे काय होईल याची हमी नाही. म्हणून आधी लांबीने भागून बाकी घ्या. त्याच्याही आधी व्हेक्टर रिकामा आहे का तपासा, नाहीतर शून्याने भागाकार होतो. पायथॉन किंवा जावावरून आलेल्यांनी जरा जपून: पायथॉनच्या डेकचं (दोन्ही टोकांनी वापरता येणाऱ्या रांगेचं) रोटेट आणि जावाचं कलेक्शन्समधलं रोटेट धन आकड्याला उजवीकडे फिरवतात, तर इथे ‘बिगिन अधिक के’ दिलं की डावीकडे फिरतं.

वेळ लांबीच्या प्रमाणात लागतो. अदलाबदली जास्तीत जास्त घटकांच्या संख्येइतक्याच.

आणखी एक फसगत. आधी धरून ठेवलेला पॉइंटर किंवा इटरेटर व्हेक्टर फिरवल्यावरही वैध असतो, पण तो जागेला चिकटलेला असतो, घटकाला नाही. आसन तेच, बसलेला माणूस दुसरा. लिस्टवरही रोटेट चालतं आणि तिथेही मूल्यंच हलतात. नोड, म्हणजे मूल्य ठेवणारे लिस्टचे कप्पे, हलवायचे असतील तर लिस्टचं स्प्लाइस फंक्शन वापरा. सेटवर रोटेट चालत नाही, कारण तिथले घटक बदलताच येत नाहीत.

टेस्ट लिहिताना मधला पहिल्याइतका, मधला शेवटच्याइतका, एकच घटक आणि रिकामा व्हेक्टर हे चार प्रसंग घ्या. चारही कायदेशीर आहेत आणि चारही वेळा क्रम जसाच्या तसा राहायला हवा.