व्हॉल्व्हच्या टीव्हीचं चित्र बिघडलंय? आधी या चुका टाळा

चित्राचा तळ दुमडून वर आला की दुरुस्ती शिकणाऱ्या नव्या मुलांचा हात थेट पीसीएल ८५ या व्हॉल्व्हकडे (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळीकडे) जातो. उभ्या स्कॅनिंगचा, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा व्हॉल्व्ह तोच, त्यामुळे संशय रास्त. पण काहीही न मोजता व्हॉल्व्ह बदलणं मला मुळीच पटत नाही.

यावलचा एक पोरगा आजोबांचा सेट घेऊन आला. जुन्या बाजारातून मिळवलेले पीसीएल ८५ त्याने एकामागून एक घालून पाहिले होते. “भाऊ, नवा व्हॉल्व्ह टाका, तरी तेच व्हई ऱ्हायनं!” सुरुवातीला चित्र नीट, सेट तापला की तळ पुन्हा दुमडलेला. ही खूण ओळखायलाच हवी. त्या व्हॉल्व्हमधल्या पेंटोड भागाच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा, सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर तापल्यावर लीक होत होता. ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढायचं, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढायचा. कॅथोडचा रेझिस्टर तर पार काळा पडलेला. चांगले व्हॉल्व्ह हकनाक गेले, आणि आज ते मिळवताना नाकी नऊ येतात.

मी आधी ब्राइटनेस पूर्ण उतरवतो. सेट बंद करून कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोडवतो, सेट पुन्हा चालू करून तापू देतो आणि त्या मोकळ्या टोकावर डिजिटल मीटरने डीसी पाहतो. काही व्होल्ट टिकून राहिले, तर कपॅसिटर बाद. ब्राइटनेस विसरलात तर पडद्यावर एकच झगझगीत आडवी रेघ उरते आणि पिक्चर ट्यूबचा फॉस्फर तिथे कायमचा जळतो. दुरुस्तीनंतर सेट तासभर चालवल्याशिवाय मी परत देत नाही.

चित्र फिकं दिसलं म्हणून आयएफ कॉइलचे (सिग्नल निवडून वाढवणाऱ्या भागातल्या कॉइलचे) फेराइट कोअर पिळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते कोअर आपोआप फिरत नाहीत! लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने फेराइट तडकतं, आणि बिघडलेलं अलाइनमेंट स्वीप जनरेटर या तपासणीच्या यंत्राशिवाय धड जुळत नाही. आता अँटेनाऐवजी, व्हिडिओ टीव्हीच्या चॅनेलवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरवरून सिग्नल देतो आपण. आधी तो आणि त्याची केबल तपासा.

चित्र दोन्ही बाजूंनी आकसलंय? घरातल्या स्विचबोर्डावरचं मेन्सचं व्होल्टेज बघा. रावेर-यावलकडे केळीच्या बागांचे पंप सुरू झाले की ते खाली येतं. ते ठीक असेल तर एचटी (सेटमधल्या व्हॉल्व्हना मिळणारं उच्च डीसी व्होल्टेज) मोजा, आडव्या स्कॅनिंगचा व्हॉल्व्ह पीएल ५०४ त्यानंतर.

आडवा काळा पट्टा सरकतोय, कडा नागमोडी झाल्यात: एचटीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासा. ब्राइटनेस वाढवताच चित्र फुगून धुरकट होतंय: पिक्चर ट्यूबला उच्च व्होल्टेज देणाऱ्या डीवाय ८०२ या व्हॉल्व्हचा संशय घ्या. पीएल ५०४ च्या आतला धातूचा अ‍ॅनोड लाल दिसला तर त्याच क्षणी सेट बंद. बहुधा ग्रिडला ड्राइव्ह सिग्नलच पोचत नाहीये. आणि चालू सेटमधला व्हॉल्व्ह उपसून काही कळत नाही, फिलामेंट सिरीजमध्ये असल्याने सगळेच विझतात.

या सेटची चेसिस (आतला धातूचा सांगाडा) सहसा मेन्सच्या एका वायरला थेट जोडलेली असते. टू-पिन उलटी लागली की चेसिसवर फेज. पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर 15,000 व्होल्टच्या आसपास असतात आणि सेट बंद केल्यावरही चार्ज राहतो. म्हणून सेट मेन्सपासून अलग ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय आणि ट्यूब बाहेरच्या काळ्या थराशी डिस्चार्ज केल्याशिवाय माझ्या टेबलावर कुणालाही आत हात घालू देत नाही, मग त्याला कितीही घाई असो.