पानगळीच्या शेवटी कुत्र्यासोबत डोंगरात जाताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात कुत्र्याला घेऊन डोंगरात जायचं म्हटलं की आपण जरा धास्तावलेलेच असतो, ऊन लागेल, पाणी संपेल, पंजे भाजतील. पानगळ संपत आली की मात्र सगळे एकदम निवांत. हवा गार, गर्दी नाही, कुत्रा नुसता उधळलेला, मग टेन्शन कसलं? मलाही असंच वाटायचं. आमचा बंड्या लॅब्रेडॉर, म्हणजे पाणी दिसलं की उडी. अशाच एका ट्रेकला पायथ्याच्या ओढ्यात त्याने तीनदा डुबकी मारली, मी हसत फोटो काढत बसलो, वर धारेवर गेलो तर तिथे बोचरा वारा, आणि उतरताना बघतो तर याची शेपटी मुळाशी चार बोटं सरळ आणि पुढे ओल्या दोरीसारखी खाली लोंबतेय. हात लावला की कळवळायचा. मला वाटलं मोडलीच. व्हेट म्हणाले, गार पाण्यात पोहणं आणि वरून दिवसभराची दमछाक, त्याने शेपटीचे स्नायू दुखावतात, आराम द्या. चार दिवसांत हलायला लागली, पण त्या चार दिवसांत मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या, कारण बंड्या थांबला नसता हे मला माहीत होतं, थांबवायचं मी होतं.

बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कुत्रा "दमलो, परत जाऊ" म्हणत नाही, तो कोसळेपर्यंत तुमच्या मागे चालतो. आणि या दिवसांत चूक सावरायला वेळच कमी असतो.

वेळेचंच बघा. नकाशावर ४ तासांचा रस्ता असला तरी कुत्र्यासोबत ५ धरा, प्रत्येक झुडूप हुंगायचं असतं साहेबांना. सूर्यास्त साडेपाचला असेल तर दरीत साडेपाचपर्यंत ऊन राहत नाही, समोरच्या डोंगराआड सूर्य बराच आधी जातो आणि लगेच गारठा पडतो. म्हणून मी साडेचारला पायथ्याशी पोचायचं ठरवून उलटा हिशोब करतो आणि "इतके वाजले की जिथे असू तिथून मागे" ही वेळ घरीच ठरवतो. शिखर १५ मिनिटांवर दिसत असलं तरी मागे म्हणजे मागे. डोक्याला लावायचा टॉर्च हवाच, मोबाईलच्या टॉर्चवर जाऊ नका, थंडीत बॅटरी भसाभस उतरते, फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. कुत्र्याच्या पट्ट्याला एक छोटा लुकलुकणारा दिवा लावला की अंधारात काळा कुत्रा शोधत बसावं लागत नाही.

उतारावर आपल्या कमरेला बांधलेली लीश (कुत्र्याला धरायची दोरी). माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. चढताना मजा येते, कुत्रा ओढतो, आपण फुकटात वर जातो. उतरताना तोच कुत्रा तुम्हाला तोंडावर पाडतो. वाटेवर ओल्या पानांचा थर, त्याखाली दगड, मुळं, खड्डे आणि सावलीच्या बाजूला सकाळचं गोठलेलं दव, यातलं काहीच दिसत नाही. कमरेचा हुक सोडा, लीश हातात घ्या, आणि मनगटाला गुंडाळू नका. त्याहून चांगलं म्हणजे "मागे" हा शब्द शिकवा, तुमच्या मागून चालायचं. बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल (शेकहँड तर नाहीच) पण हे घरच्या जिन्यावर महिनाभर घोटून घ्या.

पानांखालच्या खड्ड्यात पाय गेला किंवा पंज्याच्या आतल्या बाजूचं वरचं नख उपटलं तर रक्त बरंच येतं. घाबरू नका, स्वच्छ कापड ५ मिनिटं दाबून धरा, मध्ये मध्ये उघडून बघू नका, मग पट्टी आणि वर एक जुना मोजा. दुखावलेला कुत्रा कितीही लाडका असला तरी चावू शकतो, त्यामुळे आधी पट्टीनेच तोंड सैलसर बांधा, फक्त तो धापा टाकत असेल किंवा उलटी करत असेल तर बांधायचं नाही. दुखणं थांबावं म्हणून आपल्या बॅगेतली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मनाने देऊ नका, एका गोळीनेही छोट्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि २५-३० किलोचं जनावर खाली कसं आणणार हे आधीच ठरवा. घरी एकदा खांद्यावर घेऊन १०० पावलं चालून बघा, मग उचलायची झोळी बॅगेत आपोआप येईल.

थंडीचं गणित साधं आहे. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा वेगळाच. पायथ्याशी १२ असेल तर हजार मीटर वर ५-६, म्हणजे एका दिवसात दोन ऋतू. दाट केसाळ कुत्र्याला काही वाटत नाही, पण आखूड केसांचा, बारीक, म्हातारा किंवा पिल्लू असेल तर कोट न्या. लोक तो चढतानाच घालतात, कुत्रा आत तापतो. कोट थांबल्यावर घालायचा, आपण जॅकेट घालतो तसाच. पोट ओलं असेल तर आधी टॉवेलने पुसा. कुत्रा कुडकुडायला लागला तर तिथेच आवरतं घ्या, कोरडा करा, गुंडाळा, खाली चला. कुडकुडणं थांबलं पण तो सुस्त झालाय, अडखळतोय, तर बरं वाटतंय असं समजू नका, ते जास्त वाईट लक्षण आहे, अंगाशी धरून उचलून खाली आणा आणि थेट व्हेटकडे.

पाणी. थंडीत कुत्रा मागत नाही म्हणून आपण देत नाही, आणि वरचे झरे आटलेले किंवा गोठलेले, सीझन संपल्यामुळे वाटेतले निवारे बंद, नळ बंद. सगळं पाणी पाठीवरच न्या. घरी बसून असलेल्या २० किलोच्या कुत्र्यालाही दिवसाला लिटरभर लागतं, चालताना अर्थातच जास्त. दर अर्ध्या तासाला थोडं पुढे करा, थर्मासातलं कोमट मिसळलं की पटकन पितो. बर्फ चाटणं म्हणजे पाणी पिणं नाही.

निघायच्या तोंडावर भरपेट जेवण नको, २-३ तासांचं अंतर ठेवा, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना. पोट फुगलंय आणि उलटीसारखं करतोय पण काहीच पडत नाही, तर वाट बघायची नाही, ती इमर्जन्सी आहे. तुमच्या खाऊतले मनुके, चॉकलेट आणि झायलिटॉलवालं (साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ) च्युइंगगम त्याच्यापासून लांब.

या दिवसांत बऱ्याच डोंगराळ भागांत शिकारीचा सीझन असतो, तिथे कुत्र्याला आणि स्वतःलाही भडक केशरी जॅकेट घाला. हरणांचा माजाचा काळही याच सुमारास, वास आला की शहाणा कुत्राही बहिरा होतो, म्हणून लांब दोरी हातातून सोडू नका. सुटलाच तर सगळ्यांनी बोंबलत चारी दिशांना पळायचं नाही. शेवटचा जिथे दिसला तिथे एकाने थांबायचं, आणि निघावंच लागलं तर तुमच्या घामाचं जॅकेट तिथे ठेवून जायचं, बरेच कुत्रे आपल्याच वासावर परत येतात.

पंज्यांना बूट घालणार असाल तर आठवडाभर आधी घरात घाला, पहिल्या दिवशी कुत्रा बगळ्यासारखा पाय उचलत चालतो. बूट नको तर बोटांमधले केस कापा आणि पंज्यांचं मेण लावा, बर्फाचे गोळे कमी अडकतात.

थंडी पडली म्हणजे गोचीड गेले असंही नाही, काही जातींचे पूर्ण वाढलेले गोचीड तापमान ४ अंशांच्या वर गेलं की फिरतच असतात. परत आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपा, सापडला तर चिमट्याने अगदी कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा, तेल ओतणं, काडीने चटका देणं असले प्रकार नकोत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कुत्रा चार पावलं आखडून चालला आणि मग मोकळा झाला तर ठीक, पण संध्याकाळपर्यंत लंगडत असेल किंवा एक पाय टेकवतच नसेल तर व्हेटला फोन लावा.