जुना कौटुंबिक फोटो दुरुस्त करून फ्रेमसाठी कसा तयार करावा

वर्षश्राद्ध, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, नव्या घराची वास्तुशांत. अशा निमित्तांनी घरातला एखादा जुना फोटो कपाटातून बाहेर निघतो आणि तो मोठा करून फ्रेम करून देणारा कुणी शोधला जातो. फोटोशॉप किंवा गिंप यांसारखे फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येत असेल, तर हे काम घरून करता येते. मात्र एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. कागदाचे जे नुकसान झाले ते भरून काढायचे, माणसाचा चेहरा सुधारायला जायचे नाही. सगळे डाग गेले पण घरचे म्हणाले, “हे आबा वाटत नाहीत,” तर काम फुकट गेले.

काम घेताना काय विचारावे

पहिली मागणी मूळ प्रिंटची करा. बाहेरगावच्या ग्राहकाकडून फाइल येणार असेल तर प्रिंट दुकानातून स्कॅन करून घ्यायला सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३०० पीपीआयने (छापताना दर इंचात ३०० पिक्सेल) छापला तर तो सव्वापाच इंचांच्या पुढे जात नाही.

मग माणसाविषयी विचारा आणि लिहून ठेवा. कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण होते का? तीळ, जखमेचा व्रण, दातांतली फट? कुंकू गोल की आडवी चिरी? त्याच वयातला दुसरा एखादा फोटो, अगदी रेशनकार्डावरचा असला तरी, मागून घ्या. डोळा किंवा ओठांची कड फाटली असेल तर पुढे हाच आधार लागतो.

आकाराचे आश्वासन देण्याआधी चेहरा मोजपट्टीने मोजा. समजा लग्नातल्या गटफोटोतून आजीला वेगळे काढायचे आहे आणि तिचा चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत ८ मिलिमीटर आहे. १२०० डीपीआयने (स्कॅन करताना दर इंचात १२०० ठिपके) स्कॅन केल्यावर त्या चेहऱ्याला जेमतेम ३७८ पिक्सेल मिळतात. ५×७ च्या प्रिंटमध्ये चेहरा २ इंच ठेवला तर हे १८९ पीपीआय होतात आणि हातभर अंतरावरून ते चालून जातात. १२×१८ मध्ये मात्र चेहरा ५-६ इंचांचा होईल आणि तिथे नुसता धूसर ठिपका दिसेल. हे ग्राहकाला पैसे घेण्याआधी सांगा. पासपोर्ट आकाराच्या फोटोची स्थिती बरी असते. ३.५×४.५ सेंमीचा फोटो १२०० डीपीआयने स्कॅन केला की १६५४×२१२६ पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयने साडेपाच बाय सात इंच आणि २०० पीपीआयपर्यंत उतरलात तर सव्वाआठ बाय साडेदहा. त्याहून जास्त डीपीआयने स्कॅन करून फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही, कारण प्रिंटच्या कागदात तेवढा तपशील मुळात नसतो.

मूळ फोटो हाताळणे आणि स्कॅन

धूळ हाताच्या ब्लोअरने उडवा, मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओला कपडा, स्पिरिट, काच पुसायचा द्रव यांतले काहीही लावू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. बुरशीने तो आधीच कमजोर केलेला असतो, ओलाव्याने मऊ पडून तो चित्रासकट निघून येतो. हाताने रंगवलेल्या जुन्या फोटोंचा रंगही असाच बोळ्यावर येतो.

कोकणासारख्या दमट भागात फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला मिळतो. तो ओढून काढायचा नाही, काचेसकटच त्याची नक्कल घ्यायची. इथे स्कॅनरचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. स्वस्त पातळ स्कॅनर सीआयएस प्रकारचे असतात आणि त्यांना फक्त काचेला टेकलेलेच स्पष्ट दिसते, त्यामुळे मध्ये फ्रेमची काच किंवा वळलेला कागद आला की चित्र धूसर होते. जाड, सीसीडी प्रकारचा स्कॅनर नसेल तर कॅमेरा वापरा. फोटो सपाट ठेवा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे, कॅमेरा फोटोला अगदी समांतर, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता), रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) आणि २ सेकंदांचा टायमर. काचेत कॅमेऱ्याचेच प्रतिबिंब दिसत असेल तर काळ्या कार्डशीटला लेन्सएवढे भोक पाडून ते पुढे धरा.

स्कॅनरच्या सेटिंगमध्ये शार्पनिंग, धूळ काढणे आणि आपोआप रंगसुधार ही तिन्ही बंद करा. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, प्रत्येक चॅनेलला १६ बिट, टिफ फाइल. पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय पुरतात, त्याहून लहान फोटोला १२००. मागची बाजूही स्कॅन करा; स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलीने लिहिलेली नावे तिथेच सापडतात.

१९७०-८० च्या दशकांतले बरेच फोटो खडबडीत, जाळीदार कागदावर छापलेले आहेत. ते स्कॅन केले की चेहऱ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते, कारण स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो आणि प्रत्येक उंचवट्याची सावली होते. ब्लर करून ही नक्षी घालवायला गेलात तर डोळेही जातात. उपाय असा: एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करा, दुसरी प्रतिमा उलट फिरवून पहिलीवर लेयर म्हणून (वेगळ्या थरावर) ठेवा, ‘ऑटो-अलाइन लेयर्स’ने जुळवा आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करा. विरुद्ध सावल्या एकमेकींना खोडतात. तरी नक्षी उरली तर ९० आणि २७० अंशांचेही स्कॅन घ्या आणि चार लेयरना खालून वर १००, ५०, ३३ आणि २५ टक्के ओपॅसिटी द्या.

पिवळेपणा आधी, डाग नंतर

ब्रश हातात घेण्याआधी चॅनेल, म्हणजे फोटोतले लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंगांचे भाग, उघडून एकेक पाहा. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो आणि लालमध्ये जवळपास नाहीसा होतो. कृष्णधवल फोटोवर चहाचे, गोंदाचे किंवा तपकिरी ठिपक्यांचे डाग असतील तर लाल चॅनेल घेऊन त्याचीच नवी फाइल करा, निम्मी मेहनत तिथेच वाचते. डाग निळ्या शाईचा असेल तर उलट करा, निळा चॅनेल घ्या. रंगीत स्कॅन करायचे कारण हेच. गिंपमध्ये हे काम ‘डीकंपोज’ने होते. गडद भागांवर निळसर चंदेरी चकाकी आलेली असेल तर ती वर आलेली चांदी असते. तिथेही लाल चॅनेल बरा असतो, आणि तरी नाही भागले तर कर्व्ज (उजेड-अंधार बदलणारे साधन) लेयर मास्क (बाकीचा भाग झाकणारा पडदा) लावून फक्त त्या भागावर चालवा.

मग सगळ्या फोटोचा उजेड-अंधार कर्व्जने बसवा. ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) या मापात सर्वांत काळा भाग १० च्या आसपास आणि चेहऱ्यावरचा सर्वांत उजळ भाग २४० च्या आत ठेवा. पांढरे धोतर, टोपी किंवा लुगड्याचा काठ २५५ ला गेला की त्याच्या चुण्या प्रिंटमध्ये कोरा कागद होऊन बसतात.

चिरा आणि फाटलेले भाग

मूळ लेयरला हात लावू नका. वर रिकामा लेयर घ्या, टूलला ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ (खालच्या लेयरमधूनही नमुना घेण्याचा पर्याय) लावा आणि सगळी दुरुस्ती त्यावर करा. ग्राहकाने “तो तीळ परत आणा” म्हटले की तेवढाच भाग खोडता येतो. पार्श्वभूमीपासून सुरुवात करा, मग कपडे, चेहरा शेवटी. तोवर या फोटोचे रवे (चित्रातले बारीक कण) कसे आहेत ते हाताला कळलेले असते.

बारीक ठिपक्यांना स्पॉट हीलिंग (आजूबाजूच्या भागाने डाग भरणारे टूल), ब्रश ठिपक्याहून किंचित मोठा. चीर गडद-उजळ कडेवरून, म्हणजे केस आणि कपाळ किंवा खांदा आणि पडदा यांच्या सीमेवरून जात असेल तर हीलिंग तिथे काळपट फराटा उमटवते, कारण ते आजूबाजूचा रंग मिसळत जाते. अशा जागी क्लोन स्टॅम्प (एका जागचा नमुना दुसरीकडे जसाच्या तसा उमटवणारे टूल) घ्या. त्याची कड फार मऊ ठेवू नका, ५० टक्क्यांच्या आसपास हार्डनेस बरी. अगदी मऊ कडेने रवे पुसले जातात आणि गुळगुळीत चट्टा प्रिंटमध्ये लगेच ओळखू येतो. दर दोन-तीन फटक्यांनी नमुन्याची जागा बदला, नाहीतर एकच आकृती ओळीने छापल्यासारखी दिसते.

एक डोळा पूर्ण गेला असेल तर दुसरा उलटवून बसवतात. तसे केलेत तर बुबुळातली प्रकाशाची चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला आणा. ती आरशासारखी समोरासमोर राहिली की नजर तिरळी वाटते, आणि कारण कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या फोटोतला तोच डोळा मिळत असेल तर तो केव्हाही चांगला.

एआय कुठे चालते, कुठे नाही

मागचा फाटका पडदा, जमीन, आकाश यांसाठी एआयने भरणे जरूर वापरा, वेळ खूप वाचतो. चेहऱ्यावर मात्र ते फार धोक्याचे आहे. अशी साधने धूसर चेहरा स्वच्छ करत नाहीत, त्या जागी नवा संभाव्य चेहरा रचतात. पापण्या दाट होतात, दात सरळ होतात, सुरकुत्या निम्म्या होतात. गोंदण डाग समजून पुसले जाते, कुंकवाची चिरी गोल टिकली होते, नथीतले मोती एकमेकांत विरघळतात. वापरायचेच असेल तर निकाल वेगळ्या लेयरवर घ्या, ओपॅसिटी २०-३० टक्क्यांवर आणा, डोळे, नाक आणि ओठ मास्कने मूळचेच ठेवा आणि घरच्यांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. रंग भरून मागितले तर लुगड्याचा, पागोट्याचा आणि वर्णाचा रंग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सॉफ्टवेअर सुचवते तो गोरेपणा खरा धरून चालू नका.

जोडफोटो

नवरा-बायकोचा एकत्र फोटोच नाही, दोन वेगळे आहेत, ते एका चौकटीत हवेत, ही मागणी हमखास येते. सर्वांत मोठी चूक फोटो आडवा उलटवण्यात होते. तोंडे एकमेकांकडे यावीत म्हणून आजींचा फोटो उलटवला की डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते, पदर भलत्या खांद्यावर येतो. आजोबांचा उलटवला तर सदऱ्याची बटणपट्टी आणि केसांचा भांग बदलतो. घरातली बाई हे पहिल्या नजरेत पकडते. उलटवण्यापेक्षा दोघे समोर पाहताहेत तसेच राहू द्या.

प्रकाश कुठल्या बाजूने आहे ते नाकाच्या सावलीवरून पाहा आणि शक्य तेवढा कर्व्ज-मास्कने जुळवा. डोक्यांचे माप हनुवटीपासून केसांपर्यंत जुळवा. दोन फोटोंत एक स्पष्ट आणि एक धूसर असेल तर स्पष्ट असलेला थोडा मऊ करावा लागतो, धूसराला धार लावून बरोबरी होत नाही. शेवटी दोघांवर मिळून एकच रवा पसरा: ५० टक्के करड्या रंगाचा लेयर, ओव्हरले मोड, ३ ते ५ टक्के मोनोक्रोम नॉइज (एकरंगी बारीक कण). एवढ्याने दोन कागद एक वाटू लागतात. पत्नी पतीच्या डाव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे, अशी रीत पुष्कळ घरे पाळतात, विचारून घ्या. कुंकू आणि मंगळसूत्र ठेवायचे की कसे, हेही स्वतः न ठरवता विचारा.

नाव आणि तारखा

मजकूर ग्राहकाकडूनच टाइप करून मागवा आणि बसवल्यावर पुन्हा मंजूर करून घ्या. फोटोशॉपमध्ये वेलांटी चुकीच्या जागी जात असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल तर परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ रचना निवडा. फॉन्ट युनिकोडच घ्या. ‘मुक्ता’ साधा आणि स्वच्छ आहे. ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत.

प्रिंट

लॅबमध्ये ८×१२, १०×१२, १२×१५, १२×१८ असे ठरलेले आकार असतात आणि त्यांचे प्रमाण एकसारखे नसते. १२×१५ साठी बसवलेला चेहरा १२×१८ ला दिला की बाजू कापल्या जातात किंवा पांढऱ्या पट्ट्या येतात. आकार आधी ठरवून त्याच मापाची फाइल करा. फ्रेमची पट्टी चारही बाजूंनी सुमारे ५ मिलिमीटर झाकते, म्हणून नाव कडेपासून निदान पाऊण इंच आत ठेवा.

फाइल ८ बिट, एसआरजीबी (रंगांची प्रमाण पद्धत), सर्वोच्च दर्जाची जेपीईजी. लॅबच्या रंगीत कागदावर कृष्णधवल फोटो हिरवट किंवा जांभळट येऊ शकतो, तेव्हा मोठ्या प्रिंटआधी ४×६ ची एक चाचणी काढा. ती पडद्यापेक्षा काळोखी आली तर बहुतेक वेळा तुमच्या मॉनिटरचा उजेड जास्त असतो. तो चाचणीच्या प्रिंटशी जुळेपर्यंत कमी करा, मग फाइल उजळा.

दर आणि व्यवहार

दर फोटोमागे न लावता नुकसानीवर लावा. फिकेपणा आणि थोडे ठिपके अर्ध्या-पाऊण तासात होतात, चेहऱ्याबाहेरच्या चिरा दोन-तीन तास घेतात, चेहरा फाटलेला असेल किंवा जोडफोटो असेल तर पूर्ण दिवस धरा. तासाचा दर ठरवून त्यावरून आकडा सांगा, प्रिंट आणि फ्रेमचा खर्च वेगळा दाखवा. निम्मी रक्कम आधी घ्या. दोन वेळा बदल दरात, पुढचे जादा, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. दहाव्या-तेराव्यासाठी घाईचे काम आले तर जोडफोटो आणि रंगकाम घेऊ नका. एकट्याचा स्वच्छ फोटो वेळेत द्या, बाकीचे वर्षश्राद्धापर्यंत सावकाश होते.

नमुना म्हणून आधी-नंतरची जोडी आपल्या पानावर टाकायची असेल तर लेखी होकार घ्या. मूळ फोटो परत देताना प्लास्टिकच्या पिशवीत किंवा लॅमिनेट करून देऊ नका, कोरड्या कागदी पाकिटात द्या, आणि नव्या फ्रेममध्ये काच व प्रिंट यांच्यामध्ये माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) चौकट घालायला फ्रेमवाल्याला सांगा, म्हणजे हा प्रिंट काचेला चिकटणार नाही.