तणनाशक शेजारच्या बागेत जातं कसं? फवारणीतल्या या चुका टाळा

उसात २,४-डी हे तणनाशक मारलं आणि काही दिवसांत शेजारच्या द्राक्षबागेची किंवा कपाशीची कोवळी पानं आक्रसून पंजासारखी झाली, की सगळे वाऱ्याला दोष देतात. पुष्कळदा त्या वेळी वारा नसतोच. हवा वर-खाली कशी हलते आहे, हे कुणी पाहिलेलं नसतं.

उन्हानं जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन झोतांनी वर चढते. हे झोत अरुंद पण जोरकस असतात, सेकंदाला १ ते २ मीटर वेगाचे. त्यांच्या आजूबाजूची हवा रुंद पट्ट्यांत सावकाश खाली उतरते. दुपारपर्यंत ही घुसळण किलोमीटरभर किंवा त्याहून उंच जाते. सूर्य कलला की जमीन निवते, थंड जड हवा तळाशी बसते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण पडतं. मग घुसळण जवळजवळ थांबते.

"वारा पडलाय, आत्ताच मारून घ्या"

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. निरभ्र आकाशाखालची शांत पहाट आणि सूर्यास्तानंतरचा तासभर यांत हे झाकण हमखास असतं. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर खाली येतो. २० मायक्रॉनचा जेमतेम १. असे बारीक थेंब तळच्या थंड थरात तरंगत राहतात. वरची हवा मिसळत नसल्यानं ते विरळ होत नाहीत, उताराच्या दिशेनं घट्टच सरकतात आणि ओढ्याकाठच्या खोलगट रानात जाऊन बसतात. ऊन चढून घुसळण सुरू झाली की वर अडकलेला अंशही खाली येतो.

ओळखायचं कसं? ओलसर गवताचा थोडा धूर करा. तो थोडा वर जाऊन आडवा पसरला तर थांबा. दव, जमिनीलगतचं धुकं, लांबचा आवाज स्पष्ट ऐकू येणं या खुणाही त्याच. खात्री हवी असेल तर एकसारखे दोन थर्मामीटर सावलीत धरा, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि दुसरा ३ मीटरवर. वरचा जास्त दाखवत असेल तर झाकण आहे.

भर दुपारी फवारणी

इथे उलटं घडतं. वर चढणारा झोत १०० मायक्रॉनचाच काय, २०० मायक्रॉनचा थेंबही (पडण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटर) उचलू शकतो. शिवाय ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत १०० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब १५ सेकंदांच्या आसपास आटतो. धूर नागमोडी वर-खाली जात असेल तर पंप खाली ठेवा.

साधारणपणे सूर्योदयानंतर दीड तासानं, दव उडाल्यावर, ते १०-११ वाजेपर्यंत काम करावं. नाहीतर ४ नंतर सुरू करून सूर्यास्ताच्या तासभर आधी संपवावं. पीक फुलोऱ्यात असेल तर मधमाश्यांसाठी संध्याकाळची वेळ बरी.

मोबाइलवरचा वारा खरा मानणं

हवामानाच्या अ‍ॅपमधला वेग सहसा १० मीटर उंचीचा आणि सरासरी असतो. खाली उतरणारी हवा वरचा वेग सोबत आणते, म्हणून दिवसा झोत येतो, दिशा क्षणभर फिरते आणि पुन्हा शांत होतं. नोझलच्या उंचीवर ३-४ मिनिटं वारा पाहा. ताशी ३ ते १५ किलोमीटर आणि दिशा नाजूक पिकापासून दूर, असा स्थिर वारा हवा. अगदी शून्य वारा ही चांगली खूण नव्हे.

दाब वाढवणं, चुकीचं नोझल

जास्त दाबानं धुकं दाट दिसतं आणि काम छान झाल्यासारखं वाटतं, पण बारीक थेंब वाढतात. तणनाशकाला कीटकनाशकाचं शंकू नोझल नको. फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा चपटा फवारा देणारं नोझल लावा, दाब १ ते १.५ बार ठेवा आणि नोझल उगाच उंच धरू नका.

२,४-डी एस्टर आणि अमाइन सॉल्ट अशा वेगवेगळ्या रासायनिक रूपांत मिळतं. त्यातलं एस्टर रूप मात्र वेळ अचूक साधूनही दगा देतं. पानावरून त्याची वाफ व्हायला लागते, आणि दुपारचे झोत ती वाफ उचलतात. जवळ द्राक्ष, कपाशी किंवा भेंडी असेल तर अमाइन सॉल्ट घ्या, शक्य असेल तर २,४-डीच टाळा.

नुकसान झालंच, तर कारण कसं शोधायचं?

बांधालगत जास्त आणि आत जाताना कमी होत गेलेलं नुकसान साध्या वाऱ्याचं. दूरवर सारखंच पसरलेलं आणि सखल भागात गडद असेल, तर फवारणीची वेळ विचारा. पहाट किंवा तिन्हीसांज असण्याची शक्यता मोठी. फवारणीच्या वेळी सगळं नीट होतं आणि नुकसान उशिरा, वेगळ्याच दिशेला उमटलं, तर आधी डब्यावरचं रूप वाचा: एस्टर की अमाइन.