युक्रेनच्या बातम्या वाचून आपल्या सैन्यात काय बदलायला हवं ते कसं ओळखायचं

रणगाडे उडतानाचे व्हिडिओ बघून युद्ध कळत नाही, हे आधी डोक्यात फिट करा. मी पण २०२२ मध्ये सुरुवातीला तेच बघत बसायचो आणि ग्रुपवर ज्ञान पाजळायचो.

आधी कंटाळवाण्या बातम्या शोधायच्या. कीवच्या उत्तरेला रशियाचा ६४ किलोमीटर लांब ताफा रस्त्यातच अडकून पडला होता, आठवतंय? रणगाडे होते की ढीगभर, पण डिझेल आणि जेवणाचीच बोंब. किंवा तोफगोळे घ्या, युरोपियन युनियनने मार्च २०२३ मध्ये सांगितलं की युक्रेनला वर्षभरात १० लाख गोळे देतो आणि वर्ष संपलं तेव्हा पोचले जेमतेम निम्मे. एवढे श्रीमंत देश, पण कारखान्यांची लाइनच चालू नसेल तर नोटा काय तोफेत भरणार?

आता हाच प्रश्न घरी आणा. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या २०१७ च्या रिपोर्टमध्ये सरळ लिहिलंय की २०१६ च्या सप्टेंबरात आपल्या दारूगोळ्याच्या ४० टक्के प्रकारांचा साठा १० दिवससुद्धा पुरला नसता. त्यानंतर तातडीच्या खरेद्या झाल्या ते ठीक, पण खरेदी वेगळी आणि युद्ध चालू असताना रोज नवीन माल बनवत राहणं वेगळं. वरणगाव, भंडारा, खडकी, ह्या दारूगोळा बनवणाऱ्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आपल्याच राज्यात आहेत, २०२१ मध्ये त्या चालवणारा जुना बोर्ड मोडून ७ सरकारी कंपन्या केल्या त्यातली म्युनिशन्स इंडिया तर पुण्यातच बसते. त्यामुळे 'नवी तोफ दाखल' अशी हेडलाइन दिसली की आपण शोधायचं काय, तर तिचे गोळे महिन्याला किती बनतात.

मग सुटे भाग. हवाई दलाने २०२३ मध्ये संसदेच्या समितीला सांगितलं की युद्धामुळे रशियाकडून एक मोठी डिलिव्हरी येणार नाही. म्हणजे भांडण तिसऱ्याचं आणि आपलं सामान तिकडे लटकलं. कुठलीही डील वाचताना विचारायचं की विकणारा देश स्वतः युद्धात अडकला तर काय?

आणि आंधळी कॉपी नको हां. टी-७२ रणगाड्याचे गोळे क्रूच्या बुडाखालीच रचलेले असतात, वर्मी लागलं की बुरूज (वरचा तोफेचा भाग) हवेत, आणि टी-७२, टी-९० हेच आपल्या रणगाडा दलाचा कणा आहेत, तो धडा जसाच्या तसा लागू. पण ड्रोनचं तसं नाही. युक्रेनच्या सपाट शेतांवर मस्त चालणारा स्वस्त ड्रोन लडाखच्या विरळ हवेत आणि थंडीत तेवढाच उडेल असं धरून चालू नका, बॅटरीच मान टाकते, म्हणून ड्रोनखरेदीची बातमी आली की चाचणी किती उंचीवर झाली ते आधी बघा.