दणकट सुपरहिरो काढताय? या चुका टाळा

सुपरहिरो काढायला बसलं की पेन्सिल आधी दंडाकडे वळते. दंड फुगतो, छाती रुंदावते, पोटावर चौकोन पडतात, दात आवळले जातात. एवढं करूनही हिरो दणकट वाटत नाही, नुसता फुगलेला दिसतो. जळगाव-धुळ्याकडच्या नव्या चित्रकारांच्या पानांवर हे वारंवार दिसतं आणि वाईट वाटतं, कारण हात चांगला असतो, मेहनतही जीव तोडून केलेली असते. माझं म्हणणं सरळ आहे: वाचकाला ताकद जाणवते ती ओझ्यामुळे. हिरो काय पेलतोय, कुठे रेटतोय, भार कोणत्या पायावर घेतोय हे दाखवलंत की निम्मे स्नायू काढायची गरजच उरत नाही.

ओझं उचललंय, पण अंगाला पत्ता नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. हिरो भुसावळच्या यार्डात मालगाडीचा डबा उचलतोय आणि उभा मात्र सावधानमध्ये. अशा चित्रात डबा पुठ्ठ्याचा वाटतो.

रावेर-सावद्याकडे केळीची कापणी चालू असताना घड वाहणारा मजूर नीट बघा. 20-25 किलोचा घड एका खांद्यावर. मान दुसरीकडे कललेली, घडाखालचा खांदा वर आलेला, धड ओझ्याच्या उलट बाजूला झुकलेलं, मोकळा हात अंगापासून लांब. पावलं छोटी आणि झपझप. गुडघा पुरता सरळ होतच नाही. कानामागून गळ्याच्या खळगीपर्यंत येणारा मानेचा स्नायू स्पष्ट उठून दिसतो. पोटाचे सहा चौकोन कुठेच नसतात, तरी त्या माणसाच्या ताकदीबद्दल शंका येत नाही. हीच पोझ वहीत उतरवा आणि घडाच्या जागी ट्रकचं इंजिन ठेवा.

हिरो आणि ओझं मिळून होणारा भार दोन पावलांमधल्या जागेवर पडला पाहिजे. ओझं पोटाशी धरलं तर धड मागे जातं, पाठीवर घेतलं तर पुढे येतं. उडी मारताना किंवा कोसळताना हा नियम मोडतो, स्थिर उभं असताना मोडत नाही. शिवाय जमिनीलाही काहीतरी होऊ द्या. टाच काळ्या मातीत रुतू द्या, डांबराला तडा जाऊ द्या, डब्याचा पत्रा बोटांखाली दबू द्या.

सगळे स्नायू एकाच वेळी ताठ

कोपर वाकवून वजन उचललं की पुढचा बायसेप्स आखडून फुगतो आणि मागचा ट्रायसेप्स सैल पडतो. धक्का मारताना, हात सरळ करताना याच्या उलट. दोन्ही एकदम फुगवले की हात काम करतोय असं वाटतच नाही. आणखी एक: दंडाची जाडी बरीचशी मागच्या ट्रायसेप्सची असते. नवशिका पुढचाच गोळा मोठा करत बसतो.

छातीचंही तसंच. छातीचे स्नायू म्हणजे पुढे चिकटवलेल्या दोन पाट्या नव्हेत. ते खांद्याच्या स्नायूखालून जाऊन दंडाच्या हाडाला जोडलेले असतात. म्हणून हात वर गेला की छातीचा आकार काखेकडून वर ताणला जातो. आरशासमोर शर्ट काढून हात वर-खाली करा, लगेच कळेल.

गावच्या यात्रेतल्या कुस्त्या बघायला जा, तेही वही घेऊन. खऱ्या पैलवानाची कंबर जाड असते, मान आणि डोकं जवळपास एका रुंदीचं असतं, कान मार खाऊन गाठाळलेले असतात. तुमच्या हिरोनं आयुष्यभर मारामारी केली आहे ना? मग त्याचं नाक सरळ कसं? एक मोडलेलं नाक आणि सुजलेली बोटांची पेरं दहा स्नायूंपेक्षा जास्त सांगून जातात. दुसऱ्या टोकाचं उदाहरण हवं असेल तर अजिंठा आपल्याला जवळच आहे. लेणं क्रमांक 1 मधल्या पद्मपाणीच्या अंगावर स्नायूची एकही रेघ ओढलेली नाही, तरी रुंद खांदे आणि एका बाजूला कललेलं शरीर यांनी तो अख्खी भिंत व्यापतो.

मापं

चित्रात उंची डोक्याच्या लांबीत मोजतात. साधारण माणूस साडेसात डोकी उंच धरतात, हिरो आठ ते साडेआठ. अजून दांडगा हवा असेल तर डोकं लहान ठेवा, अंग वाढवा. हाताचे पंजे आणि पावलं मात्र लहान ठेवू नका, ही चूक फार होते. पंजा हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत आणि पाऊल कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीएवढं, हे कमीत कमी. शेजारी एखादी मोटारसायकल किंवा दाराची चौकट आली की उंची आपोआप कळते.

सतत रागावलेला चेहरा

प्रत्येक पॅनलमध्ये, म्हणजे पानावरच्या प्रत्येक चौकटीत, दात-ओठ खाल्ले तर क्लायमॅक्सला काही उरत नाही. आधीच्या पानांवर चेहरा शांत ठेवा आणि कडकपणा उजेडाकडून घ्या. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा उन्हात भुवईखालची खोबण, नाकाखालची जागा आणि हनुवटीखालचा गळा पूर्ण काळा पडतो. तेवढे तीन भाग ब्रशनं काळे भरले की चेहरा करारी होतो, रागाची एकही आठी न काढता. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीत हलक्या शेडिंगची सवय लागते. ती इथे सोडावी लागते.

कॅमेरा खालून, रस्ता वरून

हिरो भव्य दिसावा म्हणून खालून काढतात आणि मागचा बाजार वरून बघितल्यासारखा. क्षितिजरेषा आधी आखा. ती हिरोच्या गुडघ्यावर असेल, तर त्याच सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, त्याच्याच उंचीच्या प्रत्येक माणसाच्या गुडघ्यावरूनच जाणार, मग तो जवळ असो की लांब.

वाचकाच्या अंगावर येणारा ठोसा अमेरिकन कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी याच्या कामात बघावा. त्यात मूठ प्रचंड असते आणि मागचा दंड जवळजवळ झाकलेला असतो. आपण भीतभीत मूठ थोडीच मोठी करतो आणि तिच्यामागे हात पूर्ण लांबीचा काढतो, तिथेच दणका जातो. मित्राला मूठ पुढे करायला सांगा, मोबाईल मुठीच्या अगदी जवळ धरून फोटो घ्या आणि त्यावरून काढा.

छपाईत चित्र मरतं

अमेरिकन कॉमिक्सचं मूळ पान 11 बाय 17 इंचांच्या कागदावर काढायची पद्धत रूढ आहे. छापताना ते साधारण दोन तृतीयांश होतं. बारीक रेघा तिथे एकमेकींत मिसळून चिखल होतो. हल्क हा सुपरहिरो 1962 साली पहिल्या अंकात करडा होता. छपाईत तो करडा रंग पानागणिक बदलायला लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. म्हणून इंकिंग करण्यापूर्वी, म्हणजे पेन्सिलवर शाई फिरवण्यापूर्वी, पेन्सिलचं पान झेरॉक्सच्या दुकानात छपाईच्या मापाला लहान करून घ्या आणि हात लांब करून धरा. मास्कच्या आतले डोळे ओळखू येत नसतील, तर मूळ पानावर मास्कची कड जाड करा आणि डोळ्यांभोवतीचं हॅचिंग, म्हणजे छटेसाठीच्या बारीक रेघा, खोडून तिथे सरळ काळं भरा.